वैद्यक-सहायकांपुढील व्याख्यान

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात गार्लंड नावाचे एक लहानसे गाव आहे. डॉ. एमॉस जॉन्सन हे तेथे सर्वसाधारण वैद्यकीय व्यवसाय करीत. भोवतालच्या शेतकरी वस्तीला त्यांचाच आधार होता. अशा डॉक्टराला चार दिवस गाव सोडून जाणे किती अवघड असते हे ग्रामीण भागात काम करणाऱ्यांना सांगावयास नको. परिषद भरते शहरात आणि रोगी असतात गावात. तरीही डॉ. जॉन्सन परिषदांना जात, आपल्या व्यावसायिक संघटनेचे काम पाहत आणि १९६०च्या दशकात ते सर्वसाधारण व्यवसायी डॉक्टरांच्या राष्ट्रीय अकादमीचे अध्यक्षही झाले. त्यांच्या मागे दवाखाना सांभाळीत असत ते हेन्री ट्रेडवेल. ट्रेडवेल वैद्यकीय महाविद्यालयाची पायरी चढलेले नव्हते. डॉ. जॉन्सन यांनीच त्यांना वर्षानुवर्षे आपल्या हाताखाली तयार केले होते. ट्रेडवेल हे कृष्णवर्णीय होते, आणि वर्णभेदाचा अंमल असलेल्या त्या काळातील दक्षिणेकडील राज्यांत एका कृष्णवर्णीय सहायकाने डॉक्टरांच्या गैरहजेरीत रोग्यांची विचारपूस करावी, ही गोष्ट मुळीच साधी नव्हती.

याच राज्यातील डरहॅम शहरी ड्यूक विद्यापीठ आहे. तेथील वैद्यकशास्त्र विभागाचे प्रमुख डॉ. यूजीन स्टेड यांना एक प्रश्न छळीत होता. गावोगावच्या डॉक्टरांचे ज्ञान ताजे राहावे यासाठी विद्यापीठ अभ्यासवर्ग भरवी, परंतु ज्यांच्यासाठी ते भरवावयाचे तेच येऊ शकत नसत. कारण विचारले तर उत्तर एकच मिळे : मागे दवाखाना पाहावयास कोणी नाही. डॉ. जॉन्सन आणि ट्रेडवेल यांचे उदाहरण डॉ. स्टेड यांना ठाऊक होते. एका गावात जे घडले ते शिक्षणक्रम आखून का घडवू नये, असा विचार त्यांच्या मनात आला. आज अमेरिकेत ‘फिजिशियन असिस्टंट’ या नावाने ओळखला जाणारा, म्हणजे वैद्यक-सहायकाचा व्यवसाय उभा राहिला त्यामागील कारणांपैकी हे एक होय. डॉक्टरांना परिषदेस जाता यावे म्हणून जो माणूस मागे राहावयाचा, त्याचीच आता स्वतंत्र परिषद भरते आणि तिला त्या व्यवसायाचे विद्यार्थी शेकड्यांनी येतात. त्या विद्यार्थ्यांपुढे व्याख्यान द्यावयास उभे राहणाऱ्याने काय सांगावे आणि कसे सांगावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

चार खलाशी

व्याख्यात्याने आपल्यासमोर कोण बसले आहे हे आधी जाणून घ्यावे, आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागते. डॉ. स्टेड यांनी प्रथम अनुभवी परिचारिकांचा विचार केला होता. ड्यूकमधील परिचर्येच्या प्राध्यापिका थेल्मा इंगल्स यांच्यासमवेत १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी परिचारिकांसाठी एक प्रगत अभ्यासक्रम आखला. परंतु परिचर्या-शिक्षणाला मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने त्यास मान्यता नाकारली. तेव्हा त्यांची दृष्टी सैन्यदलातून परतलेल्या जवानांकडे वळली. नौदलाच्या सेवेत जखमांची मलमपट्टी, सलाईन लावणे, हाडे बांधणे ही कामे जबाबदारीने केलेले हे तरुण नागरी जीवनात आल्यावर त्या अनुभवाला काही किंमत उरत नसे. रुग्णालयात त्यांना फार तर वॉर्डबॉयची जागा मिळे.

१९६५ साली अशा चौघांना घेऊन दोन वर्षांचा शिक्षणक्रम सुरू झाला. पहिले नऊ महिने वर्गात आणि उरलेले पंधरा महिने रुग्णालयाच्या निरनिराळ्या विभागांत. चौघांपैकी तिघे ६ ऑक्टोबर १९६७ रोजी उत्तीर्ण होऊन बाहेर पडले. हा दिवस डॉ. स्टेड यांचा जन्मदिवसही होता, आणि अमेरिकेत आजही ६ ऑक्टोबरपासून वैद्यक-सहायकांचा सप्ताह पाळला जातो. पुढे १९६९ मध्ये सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात डॉ. रिचर्ड स्मिथ यांनी ‘मेडेक्स’ ही निराळी पद्धत सुरू केली. तीत वर्ग केवळ तीन महिन्यांचा, आणि नंतर वर्षभर ग्रामीण डॉक्टराच्या हाताखाली प्रत्यक्ष काम. पहिल्या तुकडीतील पंधराही जण सैन्यातील वैद्यकीय मदतनीस होते.

प्रारंभीच्या पदवीधरांनी आणि विद्यार्थ्यांनी १९६८ मध्ये आपली अकादमी स्थापन केली. १९७३ साली टेक्सासमधील शेपर्ड विमानदल तळावर तिची पहिली वार्षिक परिषद भरली. म्हणजे विद्यार्थी या संघटनेत पाहुणे म्हणून आले नाहीत. घर बांधणाऱ्यांपैकीच ते होते. परिषदेस येणाऱ्या व्याख्यात्याने त्यांच्याशी त्याच भावनेने बोलावे.

आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. सैन्यातून आलेले विद्यार्थी आता थोडे. बहुतेक जण पदवीनंतर सुमारे सव्वादोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून मास्टरची पदवी घेतात. तेथे दीड लाखांहून अधिक प्रमाणित वैद्यक-सहायक आहेत. रोग्याला तपासणे, चाचण्या सांगणे, औषध लिहून देणे ही कामे ते करतात. औषध लिहिण्याचा अधिकार सर्व राज्यांत मिळण्यास मात्र २००७ साल उजाडावे लागले. प्रमाणपत्र टिकविण्यासाठी दर दोन वर्षांनी १०० तासांचे पुढील शिक्षण घ्यावे लागते, आणि परिषदांतील व्याख्याने त्यासाठीच धरली जातात. सभागृहातील कित्येक प्रौढ श्रोते तासाची नोंद व्हावी म्हणून आलेले असतात, हे उघड गुपित आहे. विद्यार्थ्याला अशा नोंदीची गरज नसते. तो काही मिळेल या आशेने येतो, आणि म्हणूनच त्याची निराशा करणे हा व्याख्यात्याचा मोठा अपराध ठरतो.

दुर्मीळ रोगांचा मोह

निराशा बहुधा कशी होते? एखादे विद्वान तज्ज्ञ येतात. डॉक्टरांच्या परिषदेत वाचलेलाच निबंध थोडा पातळ करून येथे वाचतात. पडद्यावर एकामागून एक तक्ते सरकतात आणि त्यांवरील अक्षरे पहिल्या रांगेलाही दिसत नाहीत. विषय असा निवडलेला असतो की, तो रोग ऐकणाऱ्याला उभ्या कारकिर्दीत एकदाही भेटू नये. हे दृश्य केवळ अमेरिकेतच पाहावयास मिळते असे नाही. आपल्याकडील प्रशिक्षण वर्गांत छापील टिपण श्रोत्यांच्या हाती देऊन तेच टिपण अक्षरशः वाचून दाखविणारे अधिकारी ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना या प्रसंगाची कल्पना सहज येईल.

वैद्यक-सहायक दररोज ज्या तक्रारी ऐकतो त्या साध्या असतात : ताप, खोकला, पोटदुखी, चक्कर, पायाला सूज, छातीत जळजळ. त्या साध्या तक्रारींच्या गर्दीत एखादा भयंकर रोग साध्याच वेषात येऊन बसलेला असतो. तो ओळखणे, आणि ओळख पटली नाही तरी निदान शंका घेणे, यातच सहायकाची कसोटी लागते. तेव्हा व्याख्यात्याने तक्रार नेहमीची घ्यावी आणि तिच्या आत दडलेला धोका दाखवावा.

समजा, अठ्ठावन्न वर्षांची एक स्त्री संध्याकाळी दवाखान्यात आली आहे. तिला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. दुपारपासून पोटाच्या वरच्या भागात जळजळते, मळमळते आणि घाम येतो, असे ती सांगते. छातीत दुखते का, असे विचारता ती ‘नाही’ म्हणते. बरोबर आलेला मुलगा म्हणतो, ‘काल लग्नाचे जेवण झाले, त्याचेच हे.’ डॉक्टर दुसऱ्या गावी आहेत. व्याख्यात्याने येथवर सांगून थांबावे आणि सभेला विचारावे : आता काय कराल?

येथे थांबणे याला फार महत्त्व आहे. सिएटल येथील कुटुंबवैद्यकाच्या शिक्षकांनी १९९२ मध्ये पाच पायऱ्यांची एक अध्यापनरीत प्रसिद्ध केली. तीत पहिली पायरी हीच की, विद्यार्थ्याला आपले मत बोलून दाखवावयास लावावे. चूक असले तरी चालेल, पण ते त्याचे स्वतःचे असावे. मग ‘असे तुम्हांस का वाटले?’ हे विचारावे. त्यानंतर त्या प्रसंगापुरता एखादाच सामान्य नियम सांगावा, जे बरोबर होते त्याची वाखाणणी करावी आणि जे चुकले ते दुरुस्त करावे. उत्तर आधीच सांगून टाकणारा वक्ता विद्यार्थ्याची पहिली पायरीच काढून घेतो. आपल्या शाळांतील शिक्षकबंधूंना ही रीत नवी वाटणार नाही. केवळ आठवण करून देणे पुरे.

सभागृहातून उत्तरे येऊ लागतात. कोणी आम्लपित्ताचे औषध देऊ म्हणतो. कोणी रक्तातील साखर तपासू म्हणतो, आणि ते योग्यच आहे. मग मागील रांगेतून एखादी विद्यार्थिनी चाचरत म्हणते, ‘ई.सी.जी. काढू.’ तिला कारण विचारावे. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यामध्ये हृदयविकाराचा झटका छातीतील ठरावीक कळेवाचूनही येऊ शकतो; घाम, मळमळ, दम लागणे किंवा वरच्या पोटातील जळजळ एवढीच त्याची चिन्हे असू शकतात. हृदयविकाराची शंका येताच रोगी आल्यापासून दहा मिनिटांच्या आत ई.सी.जी. काढून तो जाणत्याने पाहावा, असा दंडक आहे. पहिला आलेख निर्दोष निघाला म्हणून निश्चिंत होता येत नाही. तक्रार चालूच राहिली तर तो पुन्हा काढावा लागतो. एवढा एक नियम घेऊन विद्यार्थी घरी गेला तरी तास सार्थकी लागला.

दूरध्वनीवरील दोन मिनिटे

परंतु प्रसंग येथे संपत नाही. खरे तर येथून सुरू होतो. आलेखात दोष दिसतो आहे आणि डॉक्टर दूर आहेत. सहायक दूरध्वनी उचलतो. त्या दोन मिनिटांत तो काय बोलेल?

डॉक्टर रोग्याला पाहत नाहीत; ते सहायकाच्या शब्दांतून पाहतात. सहायकाचे सांगणे जर विस्कळीत, पसरट किंवा स्वतःला सावरून घेणारे असेल, तर पलीकडच्या डॉक्टराचे ज्ञान कितीही मोठे असो, ते वाया जाते. गार्लंडमधील डॉ. जॉन्सन परिषदेत निर्धास्त बसू शकत ते ट्रेडवेल यांना सर्व काही येत होते म्हणून नव्हे. जे येत नाही ते ट्रेडवेल लपविणार नाहीत, असा भरवसा असल्याखेरीज कोणी डॉक्टर आपला दवाखाना मागे ठेवून जाणार नाही. हा भरवसा कोणत्याही परवान्यात लिहून मिळत नाही, आणि या व्यवसायाची सारी इमारत त्यावर उभी आहे. म्हणून रोग्याची हकीकत कशी सांगावी हा विषय प्रत्येक परिषदेत, प्रत्येक विद्यार्थी-सत्रात, मध्यभागी असला पाहिजे. तो बहुधा कोपऱ्यात असतो. सोपा वाटतो म्हणून असेल कदाचित.

त्याची शास्त्रशुद्ध रीत उपलब्ध आहे. डॉ. लॉरेन्स वीड यांनी १९६८ मध्ये रुग्णनोंदी कशा लिहाव्यात यावर जे लेखन केले, त्यातून चार भागांची पद्धत रूढ झाली : रोगी काय सांगतो, तपासणीत काय आढळले, त्यावरून काय वाटते आणि पुढे काय करावयाचे. लिहिण्यासाठी ही रीत उत्तम आहे. पण घाईच्या वेळी तोंडी सांगण्यास आणखी एक रीत सोयीची पडते. अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांत ती प्रथम वापरली गेली आणि एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथील रुग्णालयांनी ती उचलली. तिला ‘एसबार’ म्हणतात. प्रथम आत्ताची स्थिती, मग पार्श्वभूमी, नंतर स्वतःचा अंदाज आणि शेवटी काय हवे आहे ते. पाणबुडीतील खलाशापासून सुरू झालेली रीत खलाशांपासूनच सुरू झालेल्या या व्यवसायाच्या उपयोगी पडावी, हा मोठा मौजेचा योग म्हणावा लागेल.

आपल्या उदाहरणातील सहायकाने असे बोलावे : ‘डॉक्टर, अठ्ठावन्न वर्षांच्या बाईंना हृदयविकाराचा झटका आला असावा. बारा वर्षे मधुमेह आहे. दुपारपासून वरच्या पोटात जळजळ आणि घाम आहे. आलेखात झटक्याची चिन्हे दिसतात. रक्तदाब एवढा, नाडी एवढी. त्यांना हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात ताबडतोब हलवावे असे वाटते. रुग्णवाहिका बोलावली आहे. निघेपर्यंत काय द्यावे?’ यास अर्धे मिनिटही लागत नाही. याउलट, लग्नाच्या जेवणापासून सुरुवात करून आलेखापर्यंत चार मिनिटांनी पोहोचणारा सहायक पुष्कळ बोलतो आणि मधली चार मिनिटे हृदयाचा स्नायू मरत असतो.

व्याख्यात्याने हे केवळ सांगून सोडू नये. दोन विद्यार्थ्यांना व्यासपीठावर बोलवावे, एकाला सहायक आणि दुसऱ्याला डॉक्टर करावे, आणि सभेसमोर हा संवाद घडवावा. पहिला प्रयत्न नेहमी फसतो. सभा हसते. मग तोच संवाद दुसऱ्यांदा करवून घ्यावा. या दुसऱ्या प्रयत्नातून विद्यार्थी जे शिकतात ते तासभराच्या तक्त्यांनी साधत नाही. अमेरिकेतील परिषदेत विद्यार्थ्यांच्या संघांची वैद्यकीय प्रश्नमंजूषा मोठ्या चुरशीने होते आणि सभागृह टाळ्यांनी दुमदुमते. पाठांतराची परीक्षा म्हणून ती ठीक आहे. तेवढाच उत्साह या संवादाला मिळेल तो सुदिन.

आणखी दोन पथ्ये व्याख्यात्याने पाळावीत. रोग्याची हकीकत सांगताना त्याचे नाव, गाव, जन्मतारीख, छायाचित्र यांतील काहीही उघड होऊ देऊ नये. १९९६च्या कायद्याखालील नियमांनी तेथे ओळख पटविणाऱ्या अशा अठरा प्रकारच्या बाबी ठरवून दिल्या आहेत. तसेच एखाद्या औषध कंपनीकडून व्याख्यात्यास मानधन मिळत असल्यास त्याने ते आरंभीच जाहीर करावे. विद्यार्थी हे विशेष लक्ष देऊन पाहतात. वक्त्याचा स्पष्टपणा हाही त्यांच्यासाठी पाठच असतो.

नावाचा वाद

विद्यार्थ्यांकडून हमखास येणारा एक विषय टाळता येत नाही, तो म्हणजे नावाचा. १९६६ मध्ये ‘लुक’ या नियतकालिकाने या नव्या व्यवसायाची ओळख ‘परिचारिकेहून अधिक, डॉक्टरहून कमी’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली करून दिली, आणि परिचारिकावर्ग दुखावला तो दुखावलाच. पुढे सहायकांनाही ‘सहायक’ हा शब्द अपुरा वाटू लागला. २०२१ मध्ये त्यांच्या अकादमीने ‘असिस्टंट’ऐवजी ‘असोसिएट’, म्हणजे सहयोगी, हे नाव स्वीकारले. बहुतेक राज्यांच्या कायद्यांत मात्र जुनेच नाव कायम आहे. ब्रिटनमध्ये वारे उलट दिशेने वाहिले. तेथे ‘असोसिएट’ हेच नाव रूढ होते. परंतु आपल्याला तपासणारी व्यक्ती डॉक्टर नाही हे रोग्यांना कळत नाही, अशा तक्रारी वाढल्या. सरकारने नेमलेल्या प्राध्यापिका जिलियन लेंग यांच्या समीक्षेने जुलै २०२५ मध्ये ‘असिस्टंट’ हे नाव परत आणावे अशी शिफारस केली. निदान न झालेले रोगी त्यांनी सरसकट पाहू नयेत, असेही तीत सुचविले.

व्याख्यात्याने या वादात कोणाचीही बाजू घेण्याची आवश्यकता नाही. मात्र ब्रिटनमधील अनुभवाचा एक धडा विद्यार्थ्यांच्या कामाचा आहे. रोग्यापुढे जाताना आपण कोण आहोत हे पहिल्याच वाक्यात, रोग्याला समजेल अशा शब्दांत सांगावे. पाटीवर काय लिहिले आहे यापेक्षा हे वाक्य अधिक उपयोगी पडते.

आपल्या देशात

भारतात हा व्यवसाय १९९२ मध्ये मद्रास येथे सुरू झाला. हृदयशस्त्रक्रियातज्ज्ञ डॉ. के. एम. चेरियन यांनी मद्रास मेडिकल मिशनमध्ये त्याचा पहिला शिक्षणक्रम चालविला. तेव्हापासून अनेक विद्यापीठांत हे शिक्षण मिळू लागले. येथील सहायक मुख्यतः शहरांतील मोठ्या रुग्णालयांत, विशेषतः शस्त्रक्रिया विभागांत काम करतात. गार्लंडसारख्या गावाच्या गरजेतून जन्मलेला हा व्यवसाय आपल्याकडे शहरात रुजला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. २०२१च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या राष्ट्रीय आयोगविषयक कायद्याने वैद्यक-सहायकांचा समावेश आपल्या अनुसूचीत केला, त्यामुळे त्यांच्या शिक्षणाला आणि नोंदणीला कायद्याचे अधिष्ठान मिळाले.

खेड्यात मात्र आज रोग्याला प्रथम भेटतात ते आरोग्य उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी. त्यांची नेमणूक, शिक्षण आणि अधिकार निराळे आहेत, आणि त्यांना वैद्यक-सहायक म्हणणे योग्य होणार नाही. तरीही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना दूरध्वनी करण्याचा प्रसंग त्यांच्यावर तसाच येतो, आणि ती दोन मिनिटे तशीच असतात. त्यांच्यासाठी प्रशिक्षण वर्ग आखणाऱ्या अधिकाऱ्यांनी वर उल्लेखिलेला व्यासपीठावरील संवाद एकवार मराठीतून करून पाहावा. त्यास खर्च काहीच येत नाही.

प्रश्नांची वेळ

व्याख्यान संपल्यावर प्रश्नांसाठी निदान पंधरा मिनिटे राखून ठेवावीत, आणि ती भाषण लांबल्याच्या सबबीखाली खाऊन टाकू नयेत. कारण ज्याच्यासाठी विद्यार्थी आलेला असतो तो प्रश्न बहुधा सर्वांत शेवटी येतो, तोही हलक्या आवाजात : ‘आणि डॉक्टरांनी दूरध्वनी उचललाच नाही तर?’

याचे उत्तर तयार असले पाहिजे. ज्या ठिकाणी काम करावयाचे तेथे पहिल्याच दिवशी डॉक्टरांशी बसून ठरवून घ्यावे की, त्यांच्यानंतर कोणाला विचारावयाचे, आणि त्यांच्याही नंतर कोणाला. ती नावे व क्रमांक लिहून दूरध्वनीजवळ लावावेत. कोणत्या आजारांत परवानगीची वाट न पाहता रोगी हलवावयाचा, त्याची यादी दोघांच्या सह्यांनिशी ठेवावी. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, न थांबणारा रक्तस्राव आणि श्वास कोंडणे यांची नावे तीत अग्रभागी असावीत. दूरध्वनी केव्हा केला आणि उत्तर आले नाही, याची वेळेसह नोंद रोग्याच्या कागदावर करावी. आणि अठ्ठावन्न वर्षांच्या त्या बाईंच्या बाबतीत बोलावयाचे, तर रुग्णवाहिका आधी बोलवावी, दूरध्वनी मग करावा.